खेळाला नावं ठेवणारे मास्तर

एखाद्या गोष्टीला नुसतं ‘चांगलं’ म्हणून गप्प बसायचं, एवढं साधं काम त्या माणसाला उभ्या जन्मात जमलं नाही. भजी खाल्ली तर म्हणायचे, “तिखट बरोबर हाय, पर तेल कालचं हाय.” लग्नाला गेले तर नवरदेवाच्या बापाला बाजूला घेऊन सांगायचे, “जेवण झकास, वाढपी गबाळे.” आणि मला तर रोजचंच. खेळ संपला, लोक उठले, मी पेटीचा भाता बंद करतोय न करतोय तोच मागून आवाज यायचा, “आज दोन जागा बऱ्या वाजवलास. बाकी येळ पेटीच तुला वाजवत व्हती.” सहा वर्षं ऐकलं मी हे. देवाशपथ सांगतो, कितीदा वाटलं की पेटी उचलावी आणि ह्या माणसाच्या टाळक्यात घालावी.

बोलपट यायच्या आधीची गोष्ट आहे ही. निजामाचं राज्य होतं. आमचा तंबूचा शिनेमा होता, म्हणजे शेटचा होता, आम्ही त्यातले नोकर. बैलगाड्यांवर तंबू, पडदा आणि मशीन घालून कल्याणी, हुलसूर, मुडबी अशा बाजाराच्या गावांना फिरायचं. खेळ सगळे मुके. पडद्यावर माणसं तोंड हलवायची, आवाज काही नाही. मधूनमधून अक्षरं यायची, ती वाचणारा गावात एखादाच. म्हणून पडद्याशेजारी एक माणूस उभा करायची पद्धत होती. त्यानं अक्षरं वाचायची आणि गोष्ट लोकांना समजावून सांगायची. मराठीत सांगायची, पुढं बसलेल्या कानडी मंडळींसाठी कानडीत एखादं वाक्य टाकायचं, आणि खुर्चीवर कोणी सरकारी माणूस असला तर त्याच्यासाठी दखनी उर्दूतही बोलायचं. तो माणूस म्हणजे आमचे मास्तर. मी पडद्याखाली बसून पेटी वाजवायचो.

मास्तर म्हणजे खरोखरचे मास्तर. आधी शाळेत होते. एकदा हैदराबादेहून तपासणीला साहेब आले. पोरांची परीक्षा घेऊन झाली, साहेब उठले, तेव्हा हे म्हणाले, “साहेबांची उर्दू लई गोड, हिशेब मात्र कच्चा.” दुसऱ्या महिन्यात मास्तर आमच्या तंबूत होते. शेटला तिन्ही भाषा येणारा माणूस स्वस्तात मिळाला म्हणून तो खूश. शाळेनं ह्या माणसाला कामून सोडलं असेल, हे विचारायची बुद्धी काही त्याला झाली नाही.

शिडशिडीत अंग, काळी टोपी, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली शेरवानी आणि हातात वेताची छडी. छडीनं पडद्यावरचा माणूस दाखवायचे. आवाज असा खणखणीत की तंबूच्या बाहेर बांधलेले बैल कान हलवायचे. गोष्ट सांगायला लागले की लोक खिळून बसायचे, हे मी कबूल करतो. त्यांच्याइतकं चांगलं सांगणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. आणि त्यांच्याइतका छळणाराही.

घोळ व्हायचा तो रीळ बदलताना. आमच्याकडं मशीन एकच. एक रीळ संपलं की मशीनवाला दुसरं चढवेपर्यंत कंदील वर करायचा आणि तेवढा वेळ सांगणाऱ्यानं लोकांना धरून ठेवायचं. दुसऱ्या तंबूत अशा वेळी सांगणारे पुढची उत्सुकता लावायचे. “आता बघा बरं, राजकन्येचं काय व्हतंय!” असं काहीतरी. आमचे मास्तर दोन पावलं पुढं यायचे, छडी काखेत मारायचे आणि म्हणायचे, “चांगलं आधी ऐका.”

मग चांगलं सांगायचे. ते झालं की दम घेऊन म्हणायचे, “आता वाईट.”

लोकांनी पैसे देऊन तंबूत यायचं आणि अर्धा खेळ झाला असताना ह्यानं सांगायचं की खेळ कुठं फसलाय! शेट दारात उभा राहून कपाळ बडवायचा. मी खालून म्हणायचो, “मास्तर, पुरे की.” ते माझ्याकडं बघायचेसुद्धा नाहीत.

त्यातून मारामारीचे आणि हसवणुकीचे एकत्र खेळ आले की त्यांना भलताच चेव यायचा. त्या वेळी तसल्या खेळांची लाटच होती. एक देखणा हिरो, दहा जणांना लोळवायचा, भिंतीवरून उड्या मारायचा. बरोबर एक जाड्या दोस्त, तो हौदात पडायचा, पिठात पडायचा, गाढवावर उलटा बसायचा. लोक पोट धरून हसायचे. मास्तरांचं ह्यावर एक शास्त्रच होतं, आणि ते त्यांनी मला बैलगाडीच्या प्रवासात किती वेळा ऐकवलं असेल त्याला गणती नाही.

“हे बघ,” ते म्हणायचे, “मारामारीत मार लागला पायजे. हिरो गच्चीवरनं पडतोय आन् त्येचा फेटाबी हालत न्हाई. मग मी कामून घाबरू? आन् घाबरलो न्हाई, तर त्यो वाचल्यावर हसू कामून?”

“लोक हसायलेत की मास्तर.”

“लोक जाड्याला हसायलेत. पहिल्यांदा पिठात पडला, हसलो. दुसऱ्यांदा पडला, पहिलं आठवून हसलो. तिसऱ्यांदा पडला तर त्येला कुणीतरी उचला की रे! मारामारी आन् हसणं एका गाडीचे दोन बैल हायत. एक हिकडं वढायलाय, एक तिकडं. गाडी तिथंच.”

मी म्हणायचो, “बरं.” दुसरं काय म्हणणार? पुढं हुलसूर यायला अजून चार तास असायचे.

एकदा हुलसुरातच मशीनवाल्याच्या हातून तिसऱ्याच्या जागी चौथं रीळ चढलं. हिरोला कैदेत टाकायच्या आधीच तो कैदेतून पळायला लागला. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं हो! लोक मजेत होते, जाड्या गाढवावर बसला होता, मी पेटीवर ठेका धरला होता. मास्तरांनी छडी पडद्यावर आपटली. “थांबवा! हे आधीचं न्हाई, नंतरचं हाय!” शेट दारातून ओरडला, “चालू द्या मास्तर!” मास्तर म्हणाले, “मी न झालेली गोष्ट झाली म्हून सांगणार न्हाई.” आणि तोंड मिटून उभे राहिले. झालं! लोकांना कळलं की आपल्याला फसवलं. पहिल्यापासून दाखवा म्हणून गलका झाला. दाखवायला लागलं. माझी बोटं सुजली त्या दिवशी.

दुसऱ्या एका गावी तहसीलचे पेशकार खुर्चीवर बसले होते. तंबूचा परवाना त्यांच्याच हातात. त्यांनी सहज विचारलं, “मास्टर, खेल कैसा है?” आता ह्यावर शहाणा माणूस काय उत्तर देतो? आमच्या मास्तरांनी सांगितलं, “आधा अच्छा है साब, आधा नक्को.” पेशकार उठले, “तो आधाच देखके जाता मैं,” म्हणाले आणि खरोखर मधेच निघून गेले. तीन दिवस शेट परवान्यासाठी हेलपाटे घालत होता. परवाना मिळाला, पण मास्तरांना त्याचं काहीच वाटलं नाही. “अर्धा बघितला तो चांगला अर्धा व्हता,” एवढंच म्हणाले.

बोलपट आल्यावर अशा सांगणाऱ्यांची गरजच संपली. तेव्हा मास्तर तिकीट काढून लोकांत बसायचे आणि तिथून बोलायचे. लोक उठवून बाहेर काढायचे त्यांना. पण ते पुढचं. मला सांगायची आहे ती माझ्या धाकट्या भावाची गोष्ट, कारण मास्तर म्हटलं की मला आधी तीच आठवते आणि अजूनही राग येतो.

आम्ही कोहिनूर गावचे. मेंढरं होती, थोडी शेती होती. अप्पांना, म्हणजे वडलांना, माझं पेटी वाजवत फिरणं पटत नव्हतं, पण पेरणीला आणि खळ्यावर राशीला मी घरी जायचो म्हणून चालवून घ्यायचे. शिवा, माझा धाकटा, हाडानं हलका. ओढ्याच्या कडेवरून खाली उडी मारावी, झाडावरून पळत्या म्हशीच्या पाठीवर पडावं, असलेच त्याचे खेळ. त्याला मारामारीचा पहिला शिनेमा मीच दाखवला. पुढच्या वर्षी मेंढ्या व्यायच्या ऐन दिवसांत तो कोणाला न सांगता मुंबईला पळाला. त्या हंगामात अप्पा एकटे कळपामागं होते आणि बरीच कोकरं दगावली. अप्पांनी घरात सांगून टाकलं, “त्यो मला मेला. त्येचं नाव हितं काढायचं न्हाई.” तीन वर्षं मायनं नाव काढलं नाही. चुलीपुढं बसून नुसती डोळे पुसायची, आणि मला बघून जास्तच पुसायची. मी दाखवला होता ना त्याला शिनेमा! ते माझ्या मनात सारखं सलायचं.

मग एकदा शेटच्या पत्त्यावर शिवाचं कार्ड आलं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. मास्तरांनी वाचून दाखवलं. एका शिनेमा कंपनीत तो हिरोच्या जागी पडायचं काम करत होता. हिरोचे कपडे घालायचे, उडी मारायची, जिन्यावरून गडगडायचं, आणि मग हिरोनं येऊन तोंड दाखवायचं. एका नव्या खेळाचं नाव त्यानं लिहिलं होतं. ‘किल्ल्यातल्या सगळ्या उड्या माझ्या आहेत. तोंड दिसत नाही. पण अप्पांना एकदा दाखव. ह्यापुढं मी काही मागणार नाही.’

तो खेळ आमच्याकडं यायला पाच महिने गेले. आम्ही मुडबीला होतो. मी पळत कोहिनूरला गेलो. अप्पा ऐकूनच घेईनात. शेवटी माय बोलली. तीन वर्षांत पहिल्यांदा ती अप्पांसमोर उभी राहून बोलली, “तुमी येऊ नका. मी जायलेय.” अप्पांनी हातातला खुंट्याचा दोर वळून पुरा केला आणि मग म्हणाले, “गाडी जुपा. एकदाच येतो. परत मला कुणी काय म्हनायचं न्हाई.”

एकदाच! आणि त्या एका वेळेला पडद्याशेजारी उभे राहणार कोण, तर मास्तर.

मी त्यांच्यापुढं हात जोडले. “मास्तर, आज नावं ठिवू नका. शिवाची उडी आली की एवढंच म्हना, ह्यो कोहिनूरचा शिवा, शाब्बास. बास.”

“चांगली आसली तर चांगली म्हनीन की.”

“नसली तरी म्हना!”

“आन् त्येला कोण सांगणार मग? तुजा भाऊ मुंबईत रोज उड्या मारायलाय, तिथं त्येला सगळे शाब्बासच म्हनतेत आसतील.”

“अप्पा पुन्हा येणार न्हाईत मास्तर. माय बसलीय बाया-माणसांत. आज बिनसलं तर त्यो पोरगा कायमचा गेला.”

त्यांनी टोपी नीट केली. “बघू,” म्हणाले. ह्या ‘बघू’चा मला किती संताप आला ते काय सांगू. वर शेटचं वेगळंच. त्याची सक्त ताकीद होती की हिरोच्या उड्या हिरोच्याच म्हणायच्या. दुसरा माणूस पडतो हे लोकांना कळलं तर खेळ बसेल, असं त्याचं म्हणणं.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. अप्पा पुढंच जमिनीवर बसले होते, खांद्यावर घोंगडी, काठी मांडीवर आडवी. माय कापडाच्या आडोशामागं बायकांत. पहिलं रीळ झालं, कंदील वर झाला, आणि मास्तर आलेच पुढं. “चांगलं आधी ऐका. किल्ला खरा हाय, कापडाचा न्हाई. घोडी चांगली हायत. जाड्या आज पहिल्यांदा कामाचा हाय, कारण त्येला खरीच भूक लागलीया. आता वाईट. चोर धा हायत आन् एकेक जण आपली पाळी येईपतूर हुबा राहून बघायलाय. मारामारी हाय का पाणवठ्यावरची रांग?”

लोक हसले. अप्पा हसले नाहीत. दुसऱ्या रिळालाही तसंच. राजकन्येला हसू येतं तेव्हा नेमकी ढाल आडवी येते, हिरो मार खाऊन उठतो आणि भांग तसाच, जाड्याचा विनोद बरा पण लांबला. मी खालून डोळे वटारत होतो. माझ्या पेटीतून काय सूर निघत होते ते मलाही ठाऊक नाही.

तिसऱ्या रिळात किल्ला आला. हिरो भिंतीवरून गवताच्या गंजीत उडी मारतो. मला पाठीवरूनच कळलं, तो शिवा. मग दगडी जिन्यावरून गडगडत खाली येतो, उठतो, पळतो. मग झाडाच्या फांदीवरून खालून धावणाऱ्या घोड्यावर पडतो, घसरतो, एका बाजूला लोंबकळतो, कसाबसा वर चढतो. आणि मग घोड्यावर हिरोचं हसरं तोंड. एवढ्या वेळात मास्तर एक अक्षर बोलले नव्हते. लोक चुळबुळ करायला लागले. रीळ संपलं, उजेड झाला.

मास्तर पुढं आले. “चांगलं आधी ऐका. ह्या उड्या हिरोनं मारल्या न्हाईत.”

तंबूत एकच गलका. शेट दारातून किंचाळला, “मास्तर!”

“हिरोचे कान भाईर आलेले हायत. उडी मारनाराचे डोक्याला चिकटलेले हायत. पुढच्या रिळात बघा, न्हाई पटलं तर.”

“मग कुणी मारल्या?” मागून कोणीतरी विचारलं.

“कोहिनूरच्या शिवानं. ह्या पेटीवाल्याचा धाकटा भाऊ त्यो.” सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी अप्पांकडं बघितलं नाही, माझी हिंमतच झाली नाही. मास्तर सांगत होते, “जिन्यावरनं पडला त्ये खरंखुरं पडला. चवदा पायऱ्या, मी मोजल्या. उठताना उजवं ढोपर धरलं आन् लगेच सोडलं. कामून सोडलं? हिरोला दुखत न्हाई म्हून. लागलं ह्येला, आन् ते झाकायचंबी ह्येनंच. ह्या आख्ख्या खेळात एवढं खरं काम दुसऱ्या कुणाचं न्हाई.”

मी मनात म्हणालो, देवा, आता ह्याला इथंच थांबव. इथंच. पाया पडतो तुझ्या.

मास्तरांनी दम घेतला. “आता वाईट. घोड्यावरची उडी चुकली.”

मी काय करावं? मी दोन्ही हातांनी पेटीवर तुटून पडलो. असेल नसेल तेवढा जोर लावून भाता मारला आणि जे सूर हाताला लागतील ते दाबले. मास्तरांचा आवाज बुडवायचा, एवढंच डोक्यात. तर समोरून काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला आणि अप्पा उठून उभे राहिले.

“ए! बंद कर ती पेटी!” हे मला. “त्येला बोलू दे.”

मी हात उचलले. अप्पांनी मास्तरांना विचारलं, “कामून चुकली म्हन्ता?”

“घाई झाली. घोडा आजून एक पाऊल मागं व्हता, तवाच ह्येनं अंग सोडलं. धीर धरला आसता तर सरळ पाठीवर पडला आसता. तसा वर चढला त्ये ताकदीनं. पर चूक ती चूक.”

अप्पा मान हलवत राहिले. “लहानपनापास्नं तसाच हाय त्यो,” ते म्हणाले. “मेंढरू धरायचं तरी आधी झेपच घ्यायचा.” तीन वर्षांनी त्यांच्या तोंडून शिवाबद्दल हे पहिलं बोलणं. आडोशामागून मायचा हुंदका सगळ्या तंबूला ऐकू गेला. अप्पा शेटकडं वळले, “ते परत दाखवा. जिन्याचं.”

शेट नाही म्हणत होता, पण कोहिनूरची दहाबारा माणसं उठून उभी राहिली, मग मुडबीची. मशीनवाल्यानं रीळ उलटं गुंडाळून पुन्हा लावलं. शिवा पुन्हा जिन्याच्या वरच्या पायरीवर आला. ह्या खेपेला तो गडगडायला लागला तेव्हा अप्पांनी डोळे घट्ट मिटून घेतले, आणि तो उठून पळाल्यावरच उघडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा मायला घेऊन तंबूपाशी आले. “कार्ड लिव्हायचंय.”

मी म्हणालो, “मी लिव्हून घेतो ना अप्पा कुणाकडनं.”

“तू नगं. तू कायबी ग्वाड लिव्हून घेशील. त्यो मास्तर लिव्हील. काल एवढी नावं ठिवली म्हून तर त्येनं चांगलं म्हनलेलं मला पटलं.”

घ्या! सहा वर्षं आम्ही ह्या माणसाचा छळ सोसायचा, आणि माझ्या बापाला पटला तो हाच. मास्तर कार्ड घेऊन बसले. आधी चांगलं लिहिलं. मग वाईट लिहायला घेतलं. घोडा कुठं होता, फांदी कुठं होती, अंग कधी सोडायला पाहिजे होतं, बारीक अक्षरात लिहीतच सुटले. अप्पा म्हणाले, “माज्याकडनं लिव्हा, ढोपराला तेल लावत जा म्हनावं.” तोवर कार्ड भरलं होतं. मास्तरांनी ते ओळीच्या बाजूनं उभं घुसवलं.

“आन् घरी ये म्हून लिव्हा की!” मी ओरडलो.

अप्पा घोंगडी झटकायला लागले. मास्तरांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं. “आता जागा न्हाई,” म्हणाले.

जागा न्हाई! ज्या एका वाक्यासाठी सगळा आटापिटा, त्याला जागा नाही, आणि घोड्याच्या मागच्या पावलाला सहा ओळी! मी त्यांना काय काय बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. माय तर कपाळाला हात लावून बसली. अप्पांना दुसरं कार्ड लिहून घ्या म्हणायची कोणाची छाती नव्हती. मास्तर मला शांतपणे म्हणाले, “एवढं नीट बघून लिव्हलंय, त्येला कळंल.” मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

शेटची भीती मात्र खोटी ठरली. कोहिनूरचा पोरगा बघायला पंचक्रोशी लोटली. आमचा तंबू मुडबीहून हलेना. शेट आता मास्तरांना स्वतः सांगायचा की जिन्याचं नीट सांगा. मास्तर ते सांगायचे, आणि रोज नवी चूक काढायचे. दर बाजाराला माय भाकरीचं गाठोडं घेऊन यायची, अप्पा गाडी हाकत यायचे. खेळ बघायला ते पुन्हा आत आले नाहीत. बाहेर गाडीच्या सावलीत बसून राहायचे, कोणाची वाट बघतोय असं काही न दाखवता.

तिसऱ्या की चौथ्या बाजाराला, भर दुपारी, शिवा आला. धुळीनं भरलेला, कार्ड हातात. गाडी तंबूच्या मागच्या अंगाला होती, ती त्यानं बघितली नाही, मला ओळख दिली नाही, सरळ आत घुसला. “कोन हाय त्यो मास्तर? घोडा माझ्या हातात व्हता का? घोडा दमला व्हता, त्येनं पाऊल आखडलं!” मास्तर म्हणाले, “मग तू बघितलं कामून न्हाईस?” आणि जुंपली दोघांची. स्टूल म्हणजे घोडा, बाक म्हणजे फांदी. शिवा बाकावर चढून स्टुलावर उड्या मारून दाखवायला लागला आणि मास्तर छडीनं घोड्याचं पाऊल आखत होते. मुंबईहून पोरानं ह्यासाठी यायचं! मी डोकं धरलं आणि बाहेर पळालो.

अप्पांना सगळं ऐकू येत होतं. कापडाचीच भिंत ती. माय गाठोडं सोडून उभी राहिली होती, पाऊल पुढं टाकू की नको म्हणून त्यांच्या तोंडाकडं बघत. मी म्हणालो, “अप्पा, शिवा आलाय.” ते जागेवरून हलले नाहीत. आत स्टूल पडल्याचा आवाज झाला, पुन्हा दोघांचा आरडाओरडा. अप्पांनी वर उन्हाकडं बघितलं.

“दुपार झालीया,” ते शेवटी म्हणाले. “त्येला म्हनावं, आधी भाकर खा. भांडायला उद्या हाय की.”

मायनं माझा दंड पकडला. “उद्या म्हनले ना रे?” तिनं हळूच विचारलं. “मला नीट ऐकू आलं न्हाई. उद्या म्हनले?”

“व्हय माय,” मी म्हणालो. “उद्याच म्हनले.”